नॉमिनीच्या रकान्यातली आजी

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेले ते २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, दिवाळीला आठ दिवस राहिले असताना. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी आईने कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. "त्यांचं पोस्टाचं काय काय आहे ते तूच बघ. मला त्यातलं काही कळत नाही." धाकटा भाऊ नोकरीसाठी बंगळूरला. मी कोल्हापुरात, म्हणजे मिरजेपासून पॅसेंजरने फार तर दीड तासावर. त्यामुळे हे काम माझ्याकडे येणं साहजिक होतं.

गॅसचं पुस्तक, घरपट्टीच्या पावत्या आणि एलआयसीच्या जुन्या नोटिसा यांच्यामध्ये एक प्लास्टिकची पिशवी निघाली. तिच्यात राष्ट्रीय बचतपत्रांची दोन पासबुकं आणि दोन छापील प्रमाणपत्रं होती. एक पासबुक ऑगस्ट २०१९ चं, एक लाखाचं. दुसरं जुलै २०२० चं, दीड लाखाचं. छापील प्रमाणपत्रं मार्च २०१५ ची, दहा-दहा हजारांची, अण्णा आणि आई यांच्या जोडनावाने. एप्रिल २०१६ पासून पोस्टाने अशी छापील प्रमाणपत्रं देणं बंद केलं, आता पासबुकातच नोंद होते. ही दोन्ही मार्च २०२० मध्ये पिकली होती. अण्णा पैसे आणायला का गेले नाहीत हे मला तारीख बघताच कळलं. त्याच महिन्यात सगळं बंद झालं होतं. नंतर पोस्ट उघडलं तरी सत्तरी ओलांडलेल्या अण्णांना आम्हीच सहसा घराबाहेर पडू देत नव्हतो.

माझी समजूत अशी होती की मृत्यूचा दाखला दाखवायचा, सही करायची, पैसे घ्यायचे. त्या एका पिशवीतल्या तीन गोष्टींना तीन वेगळे रस्ते निघाले.

छापील प्रमाणपत्रांचं काम सगळ्यात सोपं झालं. दोघांपैकी कोणालाही किंवा मागे राहणाऱ्याला रक्कम मिळेल, अशा प्रकारची ती होती. आई मागे राहिली, म्हणून ती आईची. आईचं पोस्टात बचत खातं नव्हतं, ते ५०० रुपये भरून उघडलं. अर्ज, आधार, पॅन, अण्णांचा मृत्यूचा दाखला आणि मूळ प्रमाणपत्रं. साडेआठ टक्क्यांनी वीस हजारांचे पाच वर्षांत ३०,३२४ झाले होते. साडेआठ टक्के मात्र मार्च २०२० लाच थांबलेले. पिकलेलं प्रमाणपत्र कपाटात ठेवलं म्हणून त्याच दराने वाढत राहत नाही, हे आईला समजावताना मला वाईट वाटत होतं.

मग पासबुकं. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही बघितली, संगणकात काहीतरी पाहिलं आणि दीड लाखाच्या पासबुकावर बोट ठेवलं. "याला नॉमिनी तुमचे भाऊ आहेत. त्यांनाच यावं लागेल. तुम्ही भरून आणलेला अर्ज चालणार नाही." दुसऱ्या पासबुकाशी त्या जरा थांबल्या. "याच्यात सोनूबाई आहेत. त्या कोण?"

सोनूबाई म्हणजे माझी आजी. अण्णांची आई. ती २०२१ मध्ये गावी वारली.

नंतर आईने सांगितलं तेव्हा उलगडा झाला. अण्णा नोकरीला लागले तेव्हापासून अल्पबचतीची पत्रं घेत आले होते. पहिलं पत्र घेतलं तेव्हा लग्न झालं नव्हतं, नॉमिनी त्यांची आई. पुढे दर वेळी पत्र पिकलं की त्याच पैशाचं नवं पत्र घ्यायचं आणि जुन्या अर्जावरून नवा अर्ज भरायचा. त्या एका रकान्यात आजी जवळजवळ चाळीस वर्षं तशीच बसून राहिली. २०२० सालचं पत्र घेताना भाऊ सुट्टीवर घरी होता, त्यानेच फॉर्म भरला, म्हणून तिथे त्याचं नाव आलं. यात कोणाचा काही हेतू नव्हता. माझ्या आईचं नाव नॉमिनी म्हणून कुठेच का नाही, हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही. तिनेही काढलं नाही.

नॉमिनी खातेदाराच्या आधी वारला आणि नवं नामांकन केलं नाही, तर नामांकन नसल्यासारखंच धरतात. म्हणजे एक लाखाचं पासबुक बिननॉमिनीचं. बाई म्हणाल्या, "सहा महिने जाऊ द्या. तोपर्यंत कोर्टाचा कागद आणलात तर त्याच्यावर करू. नाही तर सहा महिन्यांनी वारसांनी मिळून अर्ज करायचा."

मिरजेत ओळखीतल्या प्रत्येकाने वेगळा कागद सुचवला. एक म्हणाले तलाठ्याकडून वारस नोंद आणा. दुसरे म्हणाले कोर्टातून वारस दाखला काढा. तिसरे म्हणाले उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय पोस्ट दमडी देणार नाही. शेवटी कोर्टाजवळ बसणाऱ्या एका वयस्क वकिलांकडे गेले. त्यांनी शांतपणे एकेक गाठ सोडवली. तलाठ्याकडची नोंद जमिनीच्या फेरफारासाठी, तिचा पोस्टाशी संबंध नाही. वारस दाखला आपल्याकडे अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली निघतो, त्याने वारस कोण हे ठरतं. ठेवी, कर्जरोखे, येणी अशा रकमांसाठी जे लागतं ते १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखालचं प्रमाणपत्र. त्याला अर्ज, वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस, हरकतींची वाट आणि रकमेवर कोर्ट फी. "पण तुम्हाला यातलं काहीच नको," ते म्हणाले. "पाच लाखांपर्यंतची रक्कम असेल, नामांकन नसेल आणि सहा महिन्यांत कोर्टाचा कागद कोणी आणला नसेल, तर पोस्टाचा अधिकारी चौकशी करून स्वतःच्या अधिकारात योग्य वारसाला देऊ शकतो. २०१८ च्या नियमांत ते आहे. लाखभरासाठी कोर्टात कशाला जाता?"

मी उठणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "दुसऱ्या पासबुकाचं काय?" मी म्हटलं, ते भावाचं आहे, नॉमिनी तोच आहे.

"भावाचं नाही. भाऊ फक्त घेणार."

ते वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. नॉमिनीला रक्कम दिली की पोस्ट मोकळं होतं, सरकारची जबाबदारी संपते. पण ती रक्कम नॉमिनीची होत नाही. तो ती वारसांच्या वतीने घेतो आणि ज्याचा जितका हक्क तितका त्याला द्यावा लागतो. याच बचतपत्रांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली विशिन खानचंदानी विरुद्ध विद्या खानचंदानी या खटल्यात हे सांगितलं आहे. तेव्हा १९५९ चा बचतपत्रांचा वेगळा कायदा होता. २०१८ मध्ये तो रद्द करून त्यातल्या तरतुदी १८७३ च्या जुन्या कायद्यात घातल्या, त्याचं नावही बदललं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हे तत्त्व काही बदललं नाही. (पुढे डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने तेच म्हटलेलं मी वर्तमानपत्रात वाचलं, तेव्हा मला त्या वकिलांची खोली आठवली.) अण्णांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. त्यामुळे हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे आई, भाऊ आणि मी, तिघांचा सारखा वाटा. "तुमची आजी हयात असती तर त्याही चौथ्या वाटेकरी झाल्या असत्या," वकील म्हणाले. मुलाच्या मिळकतीत आईचा वाटा असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्या पैशाची मला गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. मुलीच्या इंजिनिअरिंगची फी दर जूनला आमच्या पोटात गोळा आणत होती. पण त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. इतके दिवस मी स्वतःच मनाशी धरून चालले होते की माहेरच्या या पैशात माझं काही नाही, मी फक्त धावपळ करणारी. हे मला कोणीही सांगितलेलं नव्हतं. मीच ठरवलं होतं.

भाऊ जानेवारी २०२३ मध्ये चार दिवसांच्या रजेवर आला. पोस्टात आम्ही दोघं गेलो. त्याचा विचार होता की खातं बंद करून मोकळं व्हावं, सारखी रजा मिळत नाही. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "बंद करणार की नावावर करून घेणार?" आणि न सांगता कागदावर आकडे मांडले. एरवी बचतपत्र पाच वर्षांच्या आत मोडता येत नाही. मोडता येतं ते खातेदार गेला तर, कोर्टाचा हुकूम असेल तर, किंवा तारण ठेवलेलं पत्र राजपत्रित अधिकाऱ्याने जप्त केलं तर. पण मोडलं की व्याजावर पाणी. एका वर्षाच्या आत नुसती मुद्दल परत. एक ते तीन वर्षांच्या मध्ये बचत खात्याचा दर, म्हणजे चार टक्के, तेही सरळ व्याजाने. आमची अडीच वर्षं झाली होती, म्हणजे दीड लाखावर फक्त पंधरा हजार. एकूण १,६५,००० रुपये. तेच पत्र भावाच्या नावावर करून जुलै २०२५ पर्यंत राहू दिलं तर ६.८ टक्क्यांच्या चक्रवाढीने २,०८,४२४ रुपये.

भावाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, नावावर करून घे. अर्ज, दोन साक्षीदार, त्याची आधार-पॅनची प्रत. महिन्याभरात पासबुकावर त्याचं नाव लागलं. त्या बाईंनी तो कागद मांडला नसता तर आम्ही पैसे काढून घेतले असते. घरात माणूस गेलेला असताना सगळं लवकर संपवावंसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच थांबायला हवं असतं.

वाट्याचं बोलणं मी त्या चार दिवसांत काढू शकले नाही. आई एकदा जेवताना म्हणाली, "तुझ्या नावावर झालं, बरं झालं," आणि मी भाकरीचा तुकडा मोडत बसले. तो परत गेल्यावर एका रविवारी फोन केला. वकील जे म्हणाले ते सगळं, खटल्याच्या नावासकट, एका दमात सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "ताई, मला खरंच माहीत नव्हतं. मी ते माझं समजत होतो. पिकलं की तिघांत करू." मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

एप्रिलमध्ये सहा महिने पुरे झाले आणि आजीच्या नावाचं प्रकरण सुरू झालं. आधी आजीचा मृत्यूचा दाखला हवा. ती गावी वारली होती, नोंद ग्रामपंचायतीत. ग्रामसेवकांनी दाखला दिला तर त्यावर नाव सोनाबाई. पोस्टाच्या अर्जावर सोनूबाई. ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं आईने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं, तेव्हा पुढे सरकलं.

दाव्याचा अर्ज ११ नंबरच्या नमुन्यात. त्याला तीन कागद जोडायचे. नमुना १३ म्हणजे वारस कोण कोण आहेत याचं प्रतिज्ञापत्र. नमुना १४ म्हणजे बाकीच्या वारसांनी आपला दावा नाही असं शपथेवर लिहून द्यायचं. नमुना १५ म्हणजे उद्या दुसरा कोणी हक्कदार उभा राहिला तर भरपाईची हमी, जामीनदारांच्या सह्यांसह. रक्कम आईच्या नावाने घ्यायची हे आमचं तिघांचं ठरलं होतं. आईच्या हातात स्वतःचं असं काही असावं, ही माझी इच्छा होती आणि भावाचीही. म्हणून नमुना १४ वर मी आणि तो सही करणार.

कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडे शंभराचे मुद्रांक घेऊन गेलो. त्याने भराभर टाइप करून कागद माझ्यापुढे सरकवला, सहीच्या जागी पेन्सिलीची फुली. नोटरी पलीकडच्या टेबलावर शिक्का घेऊन बसलेले. मागे रांग. मी चष्मा काढला आणि वाचायला लागले. इंग्रजीतला मजकूर, पण मला अडखळत वाचता येतो. दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की मी माझ्या मयत वडिलांच्या सर्व स्थावर आणि जंगम मिळकतीतला माझा हक्क कायमचा सोडत आहे.

मी म्हटलं, हे काय आहे?

"असंच असतं मॅडम. बहिणींचं सगळ्यांचं असंच करतो आपण."

पोस्टाच्या नमुन्यात तसं नव्हतं. तो नमुना माझ्या पर्समध्ये होता. त्यात फक्त त्या एका खात्याचा उल्लेख, खाते क्रमांकासह. मी तो काढून समोर ठेवला. तो म्हणाला, हे नोंदणी केलेलं नाही, यानं घर-जमिनीवर काही फरक पडत नाही, तुम्ही उगाच काळजी करता. घराचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं हे मलाही माहीत होतं. पण ज्या वाक्याने काही फरक पडत नाही, ते वाक्य माझ्या सहीच्या वर कशाला हवं? भाऊ माझ्या शेजारीच उभा होता, या कामासाठी पुन्हा एक दिवसाची रजा काढून आलेला. त्याने तो कागद घेतला, वाचला आणि टायपिंगवाल्याला म्हणाला, "पुन्हा टाइप करा. आणि माझाही बघू." त्याच्या कागदात ते वाक्य नव्हतं. फक्त माझ्यातच होतं.

आई बाकावर बसून हे सगळं बघत होती. घरी जाताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "माझ्या भावांनी माझी सही अशीच घेतली होती. मी वाचलं नव्हतं." चाळीस वर्षांत ही गोष्ट तिने आम्हाला कधी सांगितली नव्हती.

ज्या बायका हे वाचत असतील त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. आईला किंवा भावाला रक्कम द्यायची असेल तर मनापासून द्या, मीही दिली. पण कागदावर फक्त तेवढ्याच खात्याचा नंबर आहे ना, हे बोट ठेवून वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्याकडून वाचून घ्या. मागे कितीही रांग असली तरी.

प्रकरण आमच्या छोट्या पोस्टातून मोठ्या पोस्टात गेलं, कारण किती रकमेपर्यंत मंजुरी द्यायची हे पोस्टमास्तरच्या हुद्द्यावर असतं. एकदा त्रुटी निघाली, एका जामीनदाराच्या पत्त्याचा पुरावा जुना होता. तो बदलून दिला. जूनच्या शेवटी मंजुरी आली. याही वेळी पत्र मोडलं नाही. आईच्या नावावर करून घेतलं आणि राहू दिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये ७.९ टक्क्यांनी लाखाचे १,४६,२५४ झाले. त्यातले एक लाख चाळीस हजार तिने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातले. ८.२ टक्के, दर तिमाहीला २,८७० रुपये तिच्या खात्यात येतात. लाइट बिल आता ती स्वतः भरते, मला सांगते, आणि पावती त्याच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते.

एक प्रश्न माझ्या मैत्रिणींनी बरेचदा विचारला: अण्णांनी हयात असतानाच पत्रं आईच्या नावावर करून दिली असती तर? तसं करता येत नाही. आताच्या नियमांप्रमाणे बचतपत्र एका नावावरून दुसऱ्या नावावर जातं ते मृत्यूनंतर नॉमिनीकडे किंवा वारसांकडे, जोडखात्यातला एक गेला तर मागे राहणाऱ्याकडे, कोर्टाच्या हुकमाने, किंवा बँकेकडे वगैरे तारण ठेवताना. हयात माणसाच्या हातात असतं ते नामांकन बदलणं. त्याला तेव्हा ५० रुपये लागत होते. एप्रिल २०२५ पासून तेही लागत नाहीत. चार जणांपर्यंत नावं घालता येतात आणि कोणाला किती तेही लिहिता येतं.

जुलै २०२५ मध्ये भावाच्या नावावरचं पत्र पिकलं. तो बंगळूरहून आला, मिरजेच्या पोस्टात जाऊन त्याने रक्कम खात्यात घेतली आणि संध्याकाळी मला आणि आईला प्रत्येकी ६९,४७५ रुपये पाठवले. स्वतःला रुपयाभराने कमी ठेवले. माझे पैसे मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या फीमध्ये गेले. तिला मी सांगितलं, हे आजोबांनी भरले.

आईने तिच्या वाट्यातून ६९,४०० रुपयांचं नवं बचतपत्र घ्यायचं ठरवलं. वरचे ७५ रुपये तिने नातवंडांसाठी भडंग आणायला काढून ठेवले. भाऊ म्हणाला, पाच वर्षांसाठी कशाला अडकवतेस. ती म्हणाली, "मी आहे पाच वर्षं."

अर्ज तिने स्वतः भरला. पोस्टातल्या लाकडी बाकावर, मांडीवर जुनं कॅलेंडर ठेवून, एकेक अक्षर सावकाश. मी मदत करायला वाकले तर तिने हात बाजूला केला. नॉमिनीच्या रकान्याशी आल्यावर तिने भावाचं नाव लिहिलं, पुढे ५०. मग माझं नाव लिहिलं आणि पेन उचलून धरलं.

"तुझं आडनाव कुठलं घालू? इथलं की तिथलं?"

"आधारवर आहे ते घाल आई. म्हणजे उद्या मला प्रतिज्ञापत्र लागायला नको."

तिने माझं आधार कार्ड मागून घेतलं, चष्म्याजवळ धरलं, आणि त्यावर होतं तसंच्या तसं उतरवून घेतलं.